जी-प्रथिनांचा संकेत आणि त्याचे शमन

१९५९ साली कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. कॉलऱ्याचे जंतू ज्या द्रवात वाढविले होते तो द्रव त्यांनी गाळून घेतला, एकही जंतू त्यात उरणार नाही याची खबरदारी घेतली, आणि सशाच्या आतड्याच्या दोन्ही टोकांस बांधलेल्या तुकड्यात तो सोडला. तो तुकडा पाण्याने तट्ट फुगला. जंतूंवाचून कॉलऱ्याचे मुख्य लक्षण निर्माण करता येते ही गोष्ट अशा रीतीने सिद्ध झाली. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांचा रोखही जंतूंच्या विषाकडेच होता. रोगाचे मूळ विषात असावे हा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच केला होता. परंतु तो प्रयोगाच्या कसोटीस उतरण्यास पाऊणशे वर्षे लागली.

हे विष पेशीत जाऊन नेमके काय करते, हे मात्र त्या वेळी कोणासही सांगता येण्याजोगे नव्हते. ज्या प्रथिनावर त्याचा घाला पडतो ते प्रथिनच तोवर अज्ञात होते. पुढील वीस वर्षांत जे उत्तर मिळाले ते विचार करण्याजोगे आहे. कॉलऱ्याचे विष पेशीत कोणतीही नवी क्रिया सुरू करीत नाही. नित्य चालणारी एक क्रिया थांबविण्याची जी सोय पेशीने करून ठेवलेली असते, ती सोय तेवढी ते काढून घेते. संकेताचे शमन हे संकेताच्या आरंभाइतकेच महत्त्वाचे आहे, या विधानाला याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

संप्रेरके, चेतातंतूंच्या टोकांशी पाझरणारी अनेक द्रव्ये, गंध आणि डोळ्यात शिरणारा प्रकाश हे परस्परांहून अगदी भिन्न असे संदेश पेशीपटलावरील एकाच घराण्यातील ग्राही प्रथिनांकडून स्वीकारले जातात. मानवी जनुकसंचात अशा ग्राहींची सुमारे आठशे जनुके आहेत. हे ग्राही स्वतः पेशीच्या आत काहीही घडवून आणीत नाहीत. पटलाच्या आतील बाजूस चिकटून असलेल्या जी-प्रथिनास ते जागे करतात, इतकेच. जी-प्रथिनाचे आल्फा, बीटा व गॅमा असे तीन घटक असतात. विश्रांतीच्या अवस्थेत आल्फा घटकाच्या कुशीत ग्वानोसीन डायफॉस्फेट, म्हणजे जीडीपी, घट्ट बसलेला असतो. ग्राहीस संदेश मिळाला की तो ही पकड सैल करतो. पेशीत जीडीपीपेक्षा ग्वानोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजे जीटीपी, कितीतरी अधिक असल्यामुळे रिकामी झालेली जागा जीटीपीच घेतो. त्यासरशी आल्फा घटकाचा आकार बदलतो, तो बीटा-गॅमा जोडीपासून सुटतो, आणि दोघेही आपापल्या कामास लागतात. कोणी एंझाइम चेतवितो, कोणी आयनांचे द्वार उघडतो.

या व्यवस्थेचा शोध एका माणसाचा नव्हे. सदरलँड यांनी १९५० नंतरच्या दशकात चक्रीय एएमपी हे द्रव्य शोधून काढल्यावर संप्रेरक पेशीबाहेर राहूनही आत काम कसे करते, याचा अर्धा उलगडा झाला. ग्राही आणि चक्रीय एएमपी बनविणारे एंझाइम यांच्या दरम्यान आणखी एक टप्पा आहे व त्याला जीटीपी लागतो, हे मार्टिन रॉडबेल यांनी १९७१ मध्ये बेथेस्डा येथे दाखविले. गिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास ते मधले प्रथिन शुद्ध स्वरूपात हाती आणले. रॉडबेल व गिलमन यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्याबद्दल.

येथवरची कथा आरंभाची झाली. शेवटाची सोय आल्फा घटकातच आहे. हा घटक स्वतः एक मंद एंझाइम असून कुशीतल्या जीटीपीचे तो जलीय विच्छेदन करतो, म्हणजे त्याचा टोकाचा फॉस्फेट तोडून टाकतो. जीटीपीचा जीडीपी झाला की आकार पूर्ववत होतो, बीटा-गॅमा जोडी पुन्हा येऊन बिलगते आणि संकेत संपतो. प्रत्येक आल्फा घटक जागा होतो तोच अशा रीतीने स्वतःच्या निद्रेची वेळ ठरवून. टर्की पक्ष्याच्या तांबड्या रक्तपेशींत संप्रेरकामुळे जीटीपीचे विच्छेदन वाढते हे जेरुसलेमच्या कॅसल व सेलिंगर यांनी १९७६ मध्ये दाखविले, आणि पुढच्याच वर्षी कॉलऱ्याच्या विषाने हेच विच्छेदन बंद पडते असे त्यांस आढळले. डे यांच्या सशाच्या आतड्यात काय घडले होते ते आता कळू लागले. हे विष पेशीतीलच एनएडी या द्रव्याचा एक तुकडा तोडून जीएस या जी-प्रथिनाच्या आल्फा घटकावर, २०१ व्या क्रमांकाच्या आर्जिनीनवर, कायमचा डकवून देते. फॉस्फेट तोडण्याच्या कामी या आर्जिनीनची मदत अनिवार्य असते. ती गेली की जीटीपी जागच्या जागी राहतो, चक्रीय एएमपी अखंड बनत राहते, आतड्याच्या पेशींतील क्लोराइडची द्वारे उघडीच राहतात, क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी जाते, आणि रोग्याच्या शरीरातून तासास लिटरभर पाणी निघून जाण्यापर्यंत मजल जाते.

यावरचा उपचार जी-प्रथिनाच्या वाटेला जात नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. साखरेबरोबर सोडियम आत घेण्याची आतड्याची वाट विषाने बंद पडत नाही. मीठसाखरेचे पाणी पाजणे हा उपाय त्या शाबूत वाटेवर उभा आहे. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी तो मोठ्या प्रमाणावर योजिला, आणि सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. डकविलेला तुकडा काढता येत नाही. पेशीच काही दिवसांनी झडून जाते व तिची जागा नवी पेशी घेते. तेवढे दिवस रोगी तगला पाहिजे, एवढाच प्रश्न असतो.

तोच २०१ वा आर्जिनीन आणखी एका संदर्भात पुढे आला. गर्भाच्या आरंभीच्या अवस्थेत एखाद्याच पेशीत उत्परिवर्तनाने त्याच्या जागी दुसरे ॲमिनो आम्ल आले, तर त्या पेशीपासून उपजलेल्या सर्व ऊतींत जीएस सतत जागे राहते. त्वचेवर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग, हाडांत तंतुमय ऊतींची वाढ आणि अकाली यौवनावस्था ही लक्षणे एकत्र असलेल्या मॅक्यून-ऑलब्राइट या विकाराचे कारण हेच असल्याचे १९९१ मध्ये कळून आले. जंतूने बाहेरून जे केले तेच येथे एका अक्षराच्या चुकीने आतून केले. संदेश कोणी पाठविलाच नाही, तरी पेशी त्याला उत्तर देत राहते.

आल्फा घटकातले हे अंगभूत घड्याळ संकेतशमनास पुरेसे आहे, अशी समजूत बरीच वर्षे होती. तीत एक अडचण होती, व ती साध्या हिशेबाची होती. शुद्ध केलेला आल्फा घटक परीक्षानळीत मिनिटास दोनचार वेळाच जीटीपी तोडतो. म्हणजे एकेक संकेत दहावीस सेकंद रेंगाळणार. पेशींत तसे घडत नाही. प्राणेशा चेतातंतूने सोडलेले ॲसिटिलकोलीन दूर केले की हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमची द्वारे सेकंदाच्या सुमारास मिटतात. डोळ्याच्या शलाका-पेशींत तर एका प्रकाशकणाने उमटलेला ठसा सेकंदाच्या आत पुसला जातो, आणि शंकुपेशींत त्याहूनही लवकर. परीक्षानळीत जे नव्हते असे काहीतरी पेशीत असले पाहिजे.

ते काय, याचे उत्तर तीन निरनिराळ्या दिशांनी आले, आणि त्यांतील सर्वांत जुने उत्तर बराच काळ कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. यीस्टच्या पेशींत दोन जाती असतात. एका जातीने सोडलेले द्रव्य दुसरीस पोचले की ती विभाजन थांबवून मीलनाच्या तयारीस लागते. हा संदेशही जी-प्रथिनामार्फतच जातो. १९८२ मध्ये चॅन व ओट यांनी यीस्टचे असे उत्परिवर्तित वाण वेगळे केले की ज्यांना हे द्रव्य अत्यल्प मात्रेतही पुरे होई, आणि ते नाहीसे झाल्यावरही ज्यांचे विभाजन लवकर पूर्वपदावर येत नसे. त्यांतील एका जनुकास एसएसटी-२ असे नाव मिळाले. ते कोणते काम करते हे मात्र पुढे दहाबारा वर्षे उमगले नाही. मग सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूक्ष्म कृमीत अंडी घालण्याच्या क्रियेस चालना देणारे ईजीएल-१० हे जनुक कोएल व होर्व्हिट्झ यांनी तपासले आणि १९९६ मध्ये जाहीर केले की त्याचा एक भाग यीस्टच्या एसएसटी-२ शी जुळतो. सस्तन प्राण्यांतही तोच सुमारे १२० ॲमिनो आम्लांचा भाग असलेली प्रथिने एकामागून एक सापडू लागली होती. त्यांतील एक तर जी-प्रथिनाच्या आल्फा घटकाला चिकटते म्हणूनच हाती आले होते. या घराण्यास आरजीएस प्रथिने म्हणतात. बर्मन, विल्की व गिलमन यांनी त्याच वर्षी त्यांचे कार्य उघड केले : जीटीपी तोडण्याचा आल्फा घटकाचा वेग ती अनेक पटींनी वाढवितात. मंद घड्याळ व जलद पेशी यांतील विसंगती अशी मिटली. तीन प्रयोगशाळा तीन वेगळ्या प्रश्नांमागे होत्या, आणि यीस्टच्या मीलनाचा अभ्यास करणाऱ्यांपुढे डोळ्याचा किंवा हृदयाचा प्रश्न नव्हता, ही बाब उपयुक्ततेच्या तराजूत संशोधन तोलू पाहणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

हा वेग वाढतो कसा? टेस्मर, बर्मन, गिलमन व स्प्रँग यांनी १९९७ मध्ये आरजीएस-४ व आल्फा घटक यांच्या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्यासाठी ॲल्युमिनियम फ्ल्युओराइड वापरला होता. तुटण्याच्या ऐन क्षणी फॉस्फेटची जी ठेवण असते तिचे सोंग हा संयुग हुबेहूब वठवितो. या संयुगाचीही एक गंमत आहे. फ्ल्युओराइडने चक्रीय एएमपी बनविणारे एंझाइम चेतते हे १९५८ पासून माहीत होते, परंतु त्याला ॲल्युमिनियमही लागते ही गोष्ट स्टर्नवाइस व गिलमन यांना १९८२ मध्ये कळली. तोवर ते ॲल्युमिनियम काचनळ्यांतून व एटीपीच्या तयार चूर्णातून नकळत प्रयोगांत उतरत होते.

रचनेवरून असे दिसले की आरजीएस प्रथिन स्वतः जीटीपीला स्पर्शही करीत नाही. आल्फा घटकाचे जे तीन लवचिक भाग जीटीपीच्या अवतीभोवती हालत असतात, त्यांना ते बाहेरून आधार देऊन विच्छेदनास अनुकूल अशा ठेवणीत स्थिर करते. त्याच वर्षी उजेडात आलेल्या रास या लहान प्रथिनाच्या रचनेशी याची तुलना उद्बोधक आहे. रासजवळ फॉस्फेट तोडण्यास लागणारे आर्जिनीन नसते. त्याचे साहाय्यक प्रथिन आपले आर्जिनीन बोटासारखे आत खुपसून ती उणीव भरून काढते. जी-प्रथिनाच्या आल्फा घटकाजवळ ते आर्जिनीन घरचेच आहे, आणि कॉलऱ्याचे विष ज्याला निकामी करते ते हेच. म्हणूनच रास साहाय्यकावाचून जवळजवळ निष्क्रिय असते, आणि आल्फा घटक साहाय्यकावाचून नुसता मंद असतो.

आरजीएसचे काम सर्वांत स्पष्ट दिसते ते डोळ्यात. शलाका-पेशीत प्रकाशकणाने ऱ्होडॉप्सिन चेतते, ते ट्रान्सड्यूसिन या जी-प्रथिनास जागे करते, आणि ट्रान्सड्यूसिन फॉस्फोडायएस्टरेज या एंझाइमवरील एक निरोधक घटक बाजूला सारून त्यास मोकळे सोडते. येथील आरजीएस-९ हे प्रथिन एकटे राहू शकत नाही. बीटा-५ नावाचा सोबती आणि पटलाशी बांधून ठेवणारे आरनाइनएपी हे प्रथिन नसेल तर ते टिकतच नाही. शिवाय मोकळ्या ट्रान्सड्यूसिनकडे ते फारसे वळत नाही. फॉस्फोडायएस्टरेजच्या त्या निरोधक घटकाला बिलगलेले ट्रान्सड्यूसिन मात्र ते तत्परतेने गाठते. अर्शावस्की व बाउंड्स यांनी १९९२ मध्ये, आरजीएसचा पत्ताही लागण्यापूर्वी, याची चाहूल दिली होती. या व्यवस्थेतील शहाणपण उघड आहे : निरोप पोचविण्याआधीच निरोप्याला परत बोलावले, तर मंद प्रकाशात दिसणेच अवघड होईल, पोचविल्यावर त्याला रेंगाळू दिले, तर एका दृश्याची छाया दुसऱ्यावर पडेल.

ही छाया पडलेली माणसे आहेत. आरजीएस-९ किंवा आरनाइनएपी यांच्या जनुकांत दोष असलेल्या काही रुग्णांचे वर्णन २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले, ते नेदरलँड्समधील होते. अंधारातून उजेडात किंवा उजेडातून अंधारात गेले की काही सेकंद त्यांना दिसेनासे होते, आणि वेगाने येणारा चेंडू त्यांना टिपता येत नाही. स्थिर वस्तू बऱ्या प्रकाशात पाहण्यास त्यांना विशेष अडचण नसते, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत हा दोष निसटण्याचा संभव असतो. याची उलट बाजू उंदरांत तपासली गेली. क्रिस्पेल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आरनाइनएपीचे, आणि त्याबरोबर आरजीएस-९ चेही, प्रमाण वाढविले. प्रकाशानंतर शलाका-पेशी सावरण्याचा कालांक सुमारे २०० मिलिसेकंदांवरून ८० मिलिसेकंदांवर आला. ऱ्होडॉप्सिनला आवरणारे एंझाइम वाढवून असा फरक पडला नाही. शलाका-पेशीच्या सावरण्याचा वेग कोणता टप्पा ठरवितो, याविषयी चाललेला वाद या प्रयोगाने बहुतांशी निकालात निघाला.

ऱ्होडॉप्सिनला आवरणारे एंझाइम म्हणजे काय, हे आता सांगितले पाहिजे. जी-प्रथिन निजले तरी ग्राही जागाच राहिला तर तो त्यास पुनःपुन्हा उठवील. त्यासाठी चेतलेल्याच ग्राहीच्या शेपटीवर फॉस्फेट चढविणारी कायनेज एंझाइमे असतात, आणि फॉस्फेट चढलेल्या ग्राहीवर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते व जी-प्रथिनाची जागा अडविते. ॲड्रेनॅलिनच्या ग्राहीबाबतही हेच घडते. लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेने हे दाखविले, आणि २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना व कोबिल्का यांना मिळाले. दम्याच्या श्वासौषधांचा परिणाम वारंवार वापराने उतरू लागतो, याच्या कारणांपैकी हे एक आहे. डोळ्यातील अरेस्टिनमध्ये किंवा ऱ्होडॉप्सिन कायनेजमध्ये दोष असल्यास ओगुची रोग होतो. जपानच्या चूता ओगुची यांनी १९०७ मध्ये वर्णिलेल्या या रातांधळेपणाची दोन्ही कारणे १९९५ व १९९७ मध्ये हाती आली. या रोग्यांना अंधारास सरावण्यास तासन्‌तास लागतात. एकाच मार्गावरचे दोन ब्रेक निकामी झाले असता एकात सेकंदांचा व दुसऱ्यात तासांचा विलंब व्हावा, यावरून दोहोंची कामे किती निराळी आहेत हे कळते.

मानवात आरजीएस प्रथिने वीस आहेत, व प्रत्येकीचा कल वेगळा आहे. आरजीएस-२ ही मुख्यतः जीक्यू या प्रकाराला आवरते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू आकुंचित करणारे संदेश याच जीक्यूमार्फत येतात, आणि नायट्रिक ऑक्साइडने वाहिन्या सैलावतात त्यात आरजीएस-२ ला कामास लावणे हा एक टप्पा आहे. हे जनुक नसलेल्या उंदरांचा रक्तदाब चढा असतो, असे २००३ मध्ये आढळले. जीक्यूच्या बाबतीत ज्या एंझाइमला संदेश पोचतो ते फॉस्फोलिपेज-सी-बीटा हेच जीटीपीचे विच्छेदनही जलद करते. डोळ्यातील तत्त्वच येथे अधिक थेट रूपाने दिसते. जीएससाठी मात्र, ज्यापासून या विवेचनास आरंभ झाला त्याच प्रथिनासाठी, सर्वमान्य असे आरजीएस प्रथिन सापडलेले नाही. त्याच्या संकेताचे शमन अंगभूत घड्याळावर, ग्राहीच्या अवरोधावर आणि चक्रीय एएमपीच्या विघटनावर बहुतांशी सोपविलेले दिसते.

आणखी एक कोडे उरते. शमन जलद केले तर संकेताची उंची कमी व्हावयास हवी. परंतु १९९७ मध्ये बेडकाच्या अंडपेशींत पोटॅशियमच्या द्वारांवर केलेल्या प्रयोगांत आरजीएसमुळे द्वारे लवकर मिटली तशी ती लवकर उघडलीही, आणि प्रवाहाचे प्रमाण मात्र तितके घटले नाही. झटपट निजणारे जी-प्रथिन ग्राहीच्या जवळच राहते व पुन्हा लगेच उठविता येते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते सयुक्तिक असले तरी सर्व प्रकरणांस पुरते असे म्हणवत नाही.

आरजीएसवर औषधे शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण ज्या पृष्ठभागाने ही प्रथिने आल्फा घटकास भिडतात तो सपाट व पसरट असल्यामुळे लहान रेणूला धरावयास खोबणच मिळत नाही. आजवर सापडलेले निरोधक बरेचसे प्रथिनाच्या सिस्टीनांशी रासायनिक बंध जोडणारे निघाले. जेथे आल्फा घटकातच दोष आहे तेथे तर आरजीएसचा इलाज चालण्यासारखा नसतो. डोळ्याच्या मध्यपटलाच्या काळ्या अर्बुदांत जीक्यूचे २०९ वे ग्लुटामीन बदललेले असते, हे २००९ मध्ये समजले. हे ग्लुटामीन विच्छेदनास आवश्यक असल्याने ते गेल्यावर आधार देऊन उपयोग नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणारी द्रव्ये तपासली जात आहेत. आर्डिसिया क्रेनाटा या झुडपापासून मिळणारे एक द्रव्य जीडीपीला आल्फा घटकाच्या कुशीतच कोंडून ठेवते, म्हणजे जागे होण्याचीच वाट बंद करते. परंतु जीक्यू रक्तवाहिन्यांतही आहे, आणि ते द्रव्य प्राण्यांस दिल्यास रक्तदाब खाली येतो.